गोजराच्या घरचा चहा

नेरूळ,
माघ महिना, १९६४

प्रिय जमुना,

अनेक आशीर्वाद. पाकीट जाड लागलं म्हणून छातीवर हात ठेवू नकोस. आधी एवढं वाचून घे की तुझे बाबा बरे आहेत. आता बरे आहेत. हा ‘आता’ वाचून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल, म्हणून सांगते, मधे बरे नव्हते. तुला मुद्दाम कळवलं नाही. तुझी नर्सिंगची परीक्षा चालली होती, आणि तू असली पोर की पेपर अर्धा टाकून मिळेल त्या होडीत बसून खाडी ओलांडून आली असतीस. रागाव माझ्यावर. पण पत्र शेवटपर्यंत वाच, मधेच घडी घालून उशीखाली ठेवू नकोस. तुझी ती सवय मला ठाऊक आहे.

माझा स्वभाव संशयी, हे गावभर माहीत आहे. मासळी घेताना मी कोलीम उलटापालटा करून बघते, आणि बोंबील तर मोजून घेतल्यावर पुन्हा मोजते. तुझे बाबा म्हणतात, पुतळा देवाच्या प्रसादातसुद्धा खडा शोधते. शोधते, आणि सापडतो! तेव्हा या महिन्याभरात मी कुणाकुणावर संशय घेतला ते सगळं आज लिहिणार आहे. त्यातले काही खोटे निघाले, एक खरा निघाला, आणि एकाचं काय ते अजून ठरायचं आहे.

सुरुवात झाली पौषातल्या उधाणाला. मोठ्या भरतीनं खाडीचा बांध फुटला आणि खारं पाणी थेट भातशेतात घुसलं. कापणी झालेली होती म्हणून पीक वाचलं, पण मीठ मुरलं तर पुढची दोन वर्षं जमीन भात देणार नाही. बांध घालायला प्रत्येक घरानं माणूस द्यायचा, आणि तो शब्द घ्यायला पंचानं घरोघरी जायचं, ही आपल्या गावकीची रीत. यंदा पंच तुझे बाबा. तू लहान होतीस तेव्हा हा शब्द ताडीच्या घोटावर व्हायचा. एकच करवंटी, तिच्यातला एक घोट घरधन्यानं घ्यायचा, एक पंचानं, आणि बोलायचं ते बोलायचं. पुढे दारूबंदी आली, पोलीस येऊन मडकी फोडून गेले, तेव्हा गावकीनं ठरवलं की आता चहावर शब्द. चहा प्यायला की शब्द पक्का. नाही प्यायला तर त्या घराचा अपमान, आणि अर्धा ठेवला तर मनात खोट. हे सगळं तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण सगळी गोम याच्यात आहे.

एका घोटाचा झाला भरलेला पेला, हे मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही. आणि पेला तरी कसला! पंच येणार म्हणून सकाळपासून चुलीवर पातेलं. सकाळचा चोथा टाकायचा नाही, त्याच्यावरच नवी पूड, वर गूळ, दूध कुणाकडे आहे? जेवढा काळा तेवढा मान. आपली शेजारची काशी तर म्हणते, चमचा उभा राहिला नाही तर तो चहा कसला.

त्या दिवशी सोमवार होता. तुझ्या बाबांचा उपास. उपासाला भात चालत नाही, भाकरी चालत नाही, पण चहा चालतो. सकाळी पोटात काही न घालता बाहेर पडले ते उन्हं कलेपर्यंत घरोघर फिरत होते. सगळ्यात शेवटी गेले गोजराकडे. तिचं घर खाडीच्या अंगाला, म्हणून शेवटी. आणि तिथे काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे, आणि ऐकलेल्यावर माझा विश्वास नसतो. पण एवढं खरं की पेला निम्मा झाला, तेव्हा त्यांच्या हातातून तो खाली पडला. हात लटलट कापायला लागले, घाम फुटला, छाती इतकी उडायला लागली की सदरा हलताना दिसत होता. म्हणाले, “मना काय दिलंस गो?” आणि तिथंच ओट्यावर आडवे झाले. चार माणसांनी उचलून घरी आणले. जमुना, मी हळदीची पूड चाळत होते, ती चाळण तशीच हातात धरून मी बाहेर आले. बापडे डोळे टक्क उघडे ठेवून माझ्याकडे बघत होते आणि म्हणत होते, मी चाललो, पुतळा. मी त्यांच्यावर ओरडले. रडण्यापेक्षा मला ओरडणं सोपं जातं.

आता गोजराचंच नाव का झालं ते ऐक. गेल्या पावसाळ्यात बांधाच्या उघाडीची, म्हणजे पाणी सोडायच्या दाराची, फळी कुणीतरी उघडी टाकली होती आणि दोन शेतं खारी झाली. उघाडी गोजराच्या शेताला लागून, म्हणून गावकीनं ठपका तिच्यावर ठेवला, आणि तुझ्या बाबांनी पंच म्हणून तिला बांधावर जास्तीचं काम लावलं. विधवा बाई, एकुलता एक मुलगा. ती सगळ्या गावादेखत बोलली होती, “पंढरी, माज्या घरचा घोट तुज्या घशाखाली उतरायचा नाय!” बाई संतापात बोलते ते कोण ध्यानात ठेवतो? पण सहा महिन्यांनी तिच्याच घरचा पेला पुरता घशाखाली उतरला नाही, म्हटल्यावर गावाला सगळं आठवलं. काशी तर तिन्हीसांजेच्या आत घरोघरी सांगून आली की गोजरानं करणी केली. आणि खोटं कशाला लिहू, मीसुद्धा तेच म्हटलं. मी तर पुढे जाऊन म्हटलं की करणीबिरणी काही नाही, सरळ धोतऱ्याचं बी घातलं असेल. तिच्या परसात धोतरा आहे. मी जाऊन बोंडं तपासून आले. सगळी जागच्या जागी, पण ती तरी मोजून ठेवलेली कुणी असतात?

भगत आणला. मी नाही, गोवर्धननं आणला. गोवर्धन म्हणजे आपल्या गावकीचा सगळ्यात मोठा आवाज, तुला सांगायला नको. भगतानं तांदूळ टाकले, मान डोलावली, आणि सांगितलं की खाडीच्या बाजूच्या बाईचा हात आहे. खाडीची बाजू! नेरूळला खाडीची बाजू नाही असं घर दाखव म्हणावं. त्यानं दंडाला काळा दोरा बांधला आणि पथ्य सांगितलं, काळं काही पोटात जाऊ द्यायचं नाही, म्हणजे गूळ नाही, उडीद नाही, चहा नाही. स्वतः मात्र माझ्या हातचा चहा पेलाभर पिऊन, कोंबडी काखेत मारून गेला. माझा भगतावरचा संशय तिथंच पक्का झाला.

पण पुढे जे झालं त्यानं मीही हादरले. त्या रात्रीनंतर छातीची धडधड गेली, हात थांबले, मला वाटलं सुटलो. तर दुसऱ्या दिवशी दुपारपासून डोकं धरलं. असं दुखायला लागलं की कपाळाला पंचा आवळून बसले. अंग मोडल्यासारखं, कशात मन नाही, बोललं की अंगावर येणार. तुझे बाबा म्हणजे गाईसारखे, त्यांनी माझ्या अंगावर तांब्या फेकला! तिसऱ्या दिवशी तसंच. गाव म्हणालं, करणी छातीतून निघाली आणि डोक्यात चढली. मला ही हालचाल पटेना. करणी आहे की एसटी, एका स्टॉपवरून दुसऱ्या स्टॉपवर जायला?

चौथ्या दिवशी मी माझ्यापुरता चहा टाकला. वास गेला तशी आतून हाक आली, एक घोट दे, मरतो तर मरतो. मला त्यांची दया आली. आपलं माणूस मरणार असेल तर चहा पिऊन तरी मरू दे, असा विचार करून मी बशीत ओतून दिला. प्यायले. भाकरी थापून होईतो डोकं उतरलं होतं. कपाळाचा पंचा सोडून ते ओट्यावर जाऊन बसले आणि काशीच्या नवऱ्याशी हसून बोलायला लागले. मी तव्यासमोर तशीच बसून राहिले. करणी चहाला घाबरते? ही कसली करणी? भाकरी करपली, पण माझ्या डोक्यात एक किडा वळवळायला लागला तो लागला.

दुसऱ्या दिवशी त्यांना ठाण्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण, चष्म्यावाला, बरा माणूस. नळी लावून छाती ऐकली, जीभ बघितली, झोप विचारली. झोपेचं विचारल्यावर मी पुढे झाले. वर्षभर, म्हणजे पंच झाल्यापासून, त्यांना झोप नाही. अंथरुणावर तळमळतात, उठून बाहेर जातात. मला तेव्हा वेगळाच संशय आला होता, तो लेकीला लिहिण्यासारखा नाही, शिवाय तो खोटा निघाला. मग डॉक्टरांनी विचारलं, चहा किती घेता? तुझे बाबा छाती काढून म्हणाले, दोन कप, सकाळी एक आणि दुपारी एक. डॉक्टरांनी मान डोलावली, अशक्तपणा म्हणाले, लाल औषधाची बाटली दिली. आणि जमुना, तुझे बाबा खोटं बोलले नव्हते. मी शपथेवर सांगते, त्यांच्या हिशेबी ते दोनच होते. आपल्याकडे घरचा चहा तो चहा. बाहेरचा चहा म्हणजे मान, तो कुणी मोजतो का? मीही तिथे शेजारी बसून, हो दोनच, म्हणाले. मी, जी बोंबील दोनदा मोजते!

परतीच्या वाटेला दिघ्याजवळ गाडी बंद पडली. रस्त्याच्या कडेला बसलो होतो, समोर नव्या कारखान्याचं बांधकाम, आणि तिथल्या टपरीवर कामकरी चहा पीत होते. तुझ्या बाबांनी लगेच हात खिशाला नेला. तेव्हा मला तुझी आठवण झाली. दिवाळीला तू आली होतीस तेव्हा सांगितलं होतंस, रात्रपाळीत जागं राहायचं म्हणून तुम्ही मुली कपावर कप कॉफी प्यायलात, आणि पहाटे इंजेक्शन देताना तुझा हात असा कापला की मोठ्या सिस्टरनं सुई काढून घेतली. मग तिनं समजावलं होतं की चहा-कॉफीत एक द्रव्य असतं, ते झोप उडवतं, काळजाला पळवतं, शिरांना ताणून धरतं, आणि फार झालं की हात कापतात, उगाच भीती वाटते. तू सांगत होतीस आणि मी ऐकत नव्हते. खरं सांगू? मला तेव्हा वाटलं, पोरीचा हात कापतो त्याचं कारण कॉफी नसणार, दुसरंच काही असेल. असो. त्याबद्दल पुढे येतेच.

घरी आल्यावर मी पदर खोचला आणि घरोघर गेले. काशीपासून सुरुवात केली. त्या सोमवारी आमच्या ह्यांना किती चहा दिलास? काशी छातीवर हात ठेवून म्हणाली, “एकच पेला गो बाय, जास्ती नाय, देवाशपत!” पुढचं घर, एकच पेला. त्याच्या पुढचं, एकच, पण मोठा, पाहुण्यांचा. सगळ्यांनी खरं सांगितलं. कुणीही एकापेक्षा जास्त दिला नव्हता. आणि माझ्या दोन्ही हातांची बोटं संपली, मी पायाच्या बोटांवर आले. उपाशी पोट, चोथ्यावर उकळलेला कोरा चहा, आणि दिवसभर हेच. गोजराचा पेला शेवटचा होता, म्हणून माणूस तिच्या ओट्यावर पडला. एक घर आधी तोल गेला असता तर गोवर्धनच्या ओट्यावर पडले असते, आणि मग भगतानं खाडीची बाजू सोडून डोंगराची बाजू सांगितली असती!

मी त्यांना घेऊन पुन्हा ठाण्याला गेले. डॉक्टरांना म्हटलं, दोन नव्हे, एवढे, आणि हातपाय दोन्ही दाखवले. ते हसले नाहीत, हे त्यांचं मला आवडलं. म्हणाले, आता उलगडा झाला. त्या द्रव्याला कॅफिन म्हणतात, मी नाव घोकत घोकत आले. ते म्हणाले, उपाशी पोटी जास्त चढतं, आणि शरीराला त्याची सवय लागली की एकदम तोडलं तरी डोकं धरतं, चिडचिड होते, अंग गळून जातं. म्हणजे भगताच्या पथ्यानंच दुसरं दुखणं आणलं होतं. एकदम सोडू नका, रोज थोडा थोडा कमी करा, पोटात भाकरी असू द्या, आणि दिवेलागणीनंतर अजिबात नको, असं सांगितलं. आठवड्यात फरक पडला. परवा ते सकाळपर्यंत न हलता झोपले. मीच दोनदा उठून नाकाशी बोट धरून बघितलं.

तुला वाटेल, झालं की मग, गोजरा सुटली. मलाही तसंच वाटलं, आणि मी वेडी आनंदानं गावकीत सांगायला गेले. माझं बोलणं संपायच्या आत गोवर्धन उठला. “म्हंजे आमच्या घरचा चा इखारी? समद्या गावानं मिलून पंचाला इख दिला, असाच ना?” आणि सगळी घरं माझ्या अंगावर आली. काशीसुद्धा! चूक थोडी थोडी सगळ्यांची होती, म्हणून ती कुणालाच नको होती. एकट्या गोजराची असणं सगळ्यांना सोयीचं. तुझे बाबा तरी माझ्या बाजूनं बोलतील वाटलं होतं. ते खाली बघत दंडाचा दोरा चाचपत राहिले. पंचाला चहा बाधतो, हे चारचौघांत कबूल करायची त्यांना लाज वाटली. मला इतका राग आला की दोन दिवस मी त्यांच्याशी ताटापुरतं बोलले.

ठरलं असं की येत्या रविवारी गावकी बसणार आणि गोजराला वाळीत टाकणार. वाळीत म्हणजे काय ते तू लहानपणी एकदा पाहिलं आहेस. विहिरीवर पाणी नाही, होडीत जागा नाही, मेलं तर खांद्याला माणूस नाही, आणि घरात लग्नाची सोयरीक नाही. गोवर्धनला एवढी घाई कसली, हा संशय मला आधीपासून होता. रस्त्याच्या बाजूनं जमिनी बघायला माणसं येऊ लागली आहेत, आणि गोजराचं शेत उघाडीपासून गाडीवाटेपर्यंत सरळ आहे. वाळीत पडलेली बाई शेत घेऊन काय करणार, विकून मुलाकडे जाणार, आणि घेणारा कोण, ते मी लिहीत नाही. हा संशय मी सिद्ध करू शकत नाही. पण परवा गोवर्धन तिच्या बांधावर पावलं टाकत मोजताना मला दिसला, आणि मला बघून त्यानं चप्पल झटकल्यासारखं केलं.

आता आजचं सांगते. आज सगळं गाव बांधावर होतं. दुपारी काम थांबलं, घराघराच्या किटल्या आल्या. सगळे घोळक्यानं बसले आणि गोजरा एकटी पलीकडे, आपल्या किटलीपाशी. तिचा मुलगा जयदेव ठाण्याच्या कारखान्यातून रजा काढून आला होता, तो खाली मान घालून चिखल काढत होता. त्याला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. मी तोडलेला भाकरीचा तुकडा फडक्यात परत ठेवला. उठले, सरळ चालत गेले, तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, गोजरा, मला चहा दे. ती जागची हलली नाही. तिनं किटलीवर हात ठेवला, माझ्याकडे रोखून बघितलं आणि म्हणाली, “नाय देयाची. तू पिनार, आनी नवऱ्यासारखी आडवी परनार. मंग मना गावात कोन ठेवील?” अगं, मी संशयी तर ती माझ्यावर सव्वाशेर! आणि तिचं तरी काय चुकलं? मी म्हटलं, मग आधी तू पी. तिनं पेला भरला, निम्मा आपण प्यायली, निम्मा माझ्या हातात दिला. तिचा हात थरथरत होता. तो चहानं नव्हता थरथरत, एवढं मला आता कळतं. मी एका दमात पेला रिकामा केला आणि सगळ्यांना दिसेल असा उपडा केला. सगळे मी पडायची वाट बघत होते. नाही पडले.

तेव्हा गोवर्धन ओरडला, “पंचाच्या घरानं चा पिला, म्हंजे सबूद दिला. कंचा सबूद दिलास, पुतळाबाय? का फुकटचा पिलीस?” बरोबरच होतं त्याचं. बांधावर, गावासमोर, दोन घरांत पेला फिरला की शब्द सांगावा लागतो, नाहीतर पेला खोटा. जमुना, मी काही ठरवून गेले नव्हते. देवाशपथ नव्हते. माझ्या तोंडून निघून गेलं, माझी जमुना मी हिच्या जयदेवला देते. गोजराच्या हातातली किटली कलंडली. जयदेवनं चिखलातून मान वर केली आणि त्याचं तोंड असं झालं की मला जे बघायचं होतं ते मी बघितलं. मग तुझे बाबा उठून आले. मला वाटलं आता हात उगारतात. त्यांनी दंडाचा दोरा ओढून तोडला, पेल्यात उरलासुरला चहा ओतायला लावला, एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. तेव्हापासून माझ्याशी एक अक्षर बोललेले नाहीत. गोवर्धन मागे सरला, कारण आता गोजराला वाळीत टाकायचं तर तिच्या सोयऱ्याला, म्हणजे खुद्द पंचाच्या घरालाही टाकावं लागेल.

तर हे पत्र यासाठी. तुला न विचारता मी तुझा शब्द देऊन बसले आहे, आणि तो खरा की खोटा, ते तुझ्या हातात आहे. तुला वाटेल आई अशी कशी बोलली. बोलले, कारण माझा एक संशय दिवाळीपासून मनात आहे. जयदेव सुटीच्या दिवशी ठाण्याहून गाडी पकडून मुंबईला जातो आणि गोजराला सांगतो, मावशीकडे गेलो होतो. आई-मुलाचं ते असू दे, पण गोजराला बहीण नाही, हे मला माहीत आहे, कारण तिचं माहेर माझ्या माहेराला लागून. आणि हल्ली तो जेवायला बसण्याआधी कोपरापर्यंत साबण लावून हात धुतो, बोटांच्या बेचक्यांसकट. आपल्या गावात असे हात फक्त एकच माणूस धुतं, आणि ते नर्सिंग शिकायला मुंबईला आहे. माझा संशय खरा असेल तर रविवारच्या आत ये आणि गावकीसमोर माझ्या शेजारी उभी राहा. खोटा असेल, तू त्याला नुसता गावचा मुलगा म्हणून ओळखत असशील, तर एका ओळीचं कार्ड टाक. मी शब्द मोडीन, पेला खोटा केल्याचा दोष माझ्या माथी घेईन, आणि गोजराबरोबर मीही विहिरीवरून रिकाम्या घागरीनं परत येईन. तिच्यासाठी तुझं आयुष्य मी देणार नाही, हे पक्कं समज. मला बरं वाटावं म्हणून ‘हो’ म्हणू नकोस, मला ते लगेच कळेल. आता दिवे लागले आहेत. तो पेला दुपारचा, डॉक्टरांच्या हिशेबानं एव्हाना उतरायला हवा होता, तरी माझी छाती अजून उडते आहे आणि अक्षर बघ कसं वाकडंतिकडं येतंय. चहा नाही गं हा. मला भीती वाटते आहे, जमुना. लवकर कळव.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच आई